आठ पायांची आठवण

गाडीची बॅटरी बदलायला अर्धा तास पुरतो. परळ-लालबागच्या एखाद्या गॅरेजात जुनी बॅटरी उतरते, नवी चढते, पहिल्याच सेल्फला इंजिन चालू होतं. मग कुणीतरी गाणं लावायला जातं आणि स्टिरिओच्या चिंचोळ्या काचेवर नुसत्या चार रेघा दिसतात. काही सेटवर ‘कोड’ उमटतं, श्कोडा आणि फोक्सवॅगनच्या बऱ्याच सेटवर ‘सेफ’. बटणं दाबा, चावी बंद-चालू करा, सेट ढिम्म. मेकॅनिक हात पुसत सांगतो की हे आमचं काम नाही, लॅमिंग्टनला दाखवा.

सेट बिघडलेला नसतो. कारस्टिरिओला बारा व्होल्टच्या दोन तारा येतात. लाल तार चावी फिरवल्यावर जिवंत होते. पिवळी मात्र गाडी बंद असतानाही चालू राहते. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं या पिवळ्या तारेवर जगतात. ती तुटली की सेटच्या लेखी एकच अर्थ होतो : मला डॅशबोर्डमधून उपसून काढलं आहे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत युरोपात गाड्यांच्या काचा फोडून स्टिरिओ पळवण्याचा सुळसुळाट झाला होता. त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी चार आकडी कोड आणला. सेट चोरला तरी दुसऱ्या गाडीत वाजणार नाही, म्हणजे विकला जाणार नाही, असा हिशोब होता.

हिशोब बरोबर होता. चार आकड्यांच्या दहा हजार जुळण्या होतात. फोक्सवॅगनच्या घराण्यातल्या सेटमध्ये दोनदा चुकलं की साधारण तासभर थांबावं लागतं. म्हणजे सगळ्या जुळण्या संपवायला पाच हजार तास, जवळजवळ सात महिने. एवढी उसंत चोराला नसते. पण गाडीच्या तिसऱ्या मालकालाही ती नसते, आणि ज्या पुस्तिकेत कोडचं छोटं कार्ड खोचलेलं होतं ती पुस्तिका पहिल्या मालकाच्या घर बदलण्यात कधीच गहाळ झालेली असते. मग गॅरेजवाला नवा चिनी अँड्रॉइड सेट बसवून देतो आणि धडधाकट जुना सेट भंगारात जातो. त्याचा ॲम्प्लिफायर, ट्यूनर, सगळं शाबूत असतं. चार आकड्यांपायी एक चांगलं यंत्र मोडीत काढणं मला सहन होत नाही, आणि हा लेख त्यासाठीच आहे. असे सेट पुन्हा चालू करण्याचं काम काय असतं, नवशिक्यानं त्यात कुठून शिरावं आणि कुठे थांबावं, हे मराठीत लिहिलेलं असायला हवं.

ज्या रस्त्याकडे मेकॅनिक बोट दाखवतो त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून पडलेलं ‘लॅमिंग्टन रोड’ हे जुनं नाव मात्र लोकांच्या तोंडून गेलेलं नाही. गिरगावच्या अंगानं, ऑपेरा हाउसकडून चालत निघालं की आधी गाड्यांच्या ॲक्सेसरीजची दुकानं लागतात : सीटकव्हर, हॉर्न, स्पीकर, स्टिरिओ. ग्रँट रोड स्टेशनच्या बाजूला सरकत गेलं की दुकानांचा आकार लहान आणि मालाचा आकार त्याहून लहान होत जातो. रेझिस्टर, कनेक्टर, आयसी, सोल्डरिंगची हत्यारं, मीटर, प्रोग्रॅमर. एकेकाळी हा रस्ता सिनेमाचा होता; नाझच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या, मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. आज तिथे मोजून एक आयसी मागता येते आणि ती मिळते. शिकणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. दहा रुपयांच्या वस्तूसाठी शंभर नगांची ऑर्डर द्यावी लागत नाही आणि बिघडलेला नमुना काउंटरवर ठेवून ‘अशीच द्या’ म्हणता येतं.

गाड्यांत सेट बसवणारे रस्त्याच्या एका टोकाला आणि चिपवाले दुसऱ्या टोकाला, ही रचना मला महत्त्वाची वाटते. कोड मागणारा सेट या दोघांच्या मध्ये पडतो. मोटर मेकॅनिकला तो इलेक्ट्रॉनिक्सचा वाटतो, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला गाडीचा. आयटीआयमध्येही ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ असे दोन वेगळे ट्रेड आहेत. म्हणून हे काम ज्यांना येतं त्यांना ते बहुधा कुणाच्या तरी बाकाशेजारी बसून आलेलं असतं.

जुन्या मुंबईला ही अडचण माहीत नव्हती. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीत कॅसेटचा टेप असे. तार तुटली तर जोडायची, हेड मळलं तर स्पिरिटनं पुसायचं. कोडवाले सेट उदारीकरणानंतर परदेशी कंपन्यांच्या गाड्यांबरोबर आले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या वीस वर्षांत डॅशबोर्डच्या आतला सगळा कारभार तारांकडून चिपांकडे गेला.

सेटचं वरचं पत्र्याचं झाकण काढलं की मोठ्या प्रोसेसरच्या आसपास तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढी, आठ पायांची एक काळी चिप बहुतेक वेळा सापडते. तीच आठवण. वीज गेली तरी विसरत नाही. कोड, सेटचा क्रमांक, ट्यूनरची जुळणी, किती वेळा चुकीचा कोड टाकला याची मोजदाद, हे सगळं साधारणपणे तिच्यात असतं. तिला ईईप्रॉम म्हणतात.

तिची पूर्वज चिप १९७१ची. इंटेलमध्ये काम करणारे इस्रायली अभियंते डॉव्ह फ्रोमन यांनी १७०२ नावाची ईप्रॉम घडवली. चारी बाजूंनी इन्सुलेशन असलेल्या एका सूक्ष्म पट्टीत विजेचा भार कोंडायचा, तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. भार आहे की नाही, यावरून शून्य की एक ते ठरतं. पुसायचं तर चिपच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून पंधरा-वीस मिनिटं अतिनील किरण टाकायचे. खिडकीवर चिकटपट्टी लावलेल्या त्या चिपा जुन्या यंत्रांच्या बोर्डांवर अजून दिसतात. पुढे इंटेलमध्येच जॉर्ज पर्लेगोस यांनी विजेनंच पुसता येणाऱ्या २८१६ या चिपवर काम केलं. ती १९८०च्या सुमारास आली. १९८४मध्ये त्यांनी ॲटमेल ही कंपनी काढली, आणि ॲटमेलच्या छोट्या ईईप्रॉम चिपा पुढे जगभरच्या असंख्य उपकरणांत बसल्या. १७०२ची क्षमता २५६ बाइट होती. आज लॅमिंग्टन रोडला अगदी किरकोळ दामात मिळणाऱ्या २४सी०२चीही तेवढीच आहे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइट घेतं, म्हणजे तिच्यात पंच्याऐंशी चिन्हं मावतील, जेमतेम एक-दोन ओळींचा मजकूर.

नवशिक्यानं सुरुवात सेटपासून करू नये. दोन-तीन कोऱ्या २४सी०२ घ्याव्यात, मोठ्या पायांच्या, सॉकेटमध्ये बसणाऱ्या. एक यूएसबी प्रोग्रॅमर घ्यावा. सीएच३४१ए नावाचा काळा, बोटभर लांबीचा प्रोग्रॅमर सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळतो. चिपच्या एका कोपऱ्यात खड्डा किंवा ठिपका असतो, तो पहिला पाय. उलटी बसवली तर चिप तापते आणि बऱ्याचदा मरते. म्हणून वीज देण्याआधी ठिपका पाहायचा आणि पुन्हा एकदा पाहायचा. कोरी चिप वाचली की पडद्यावर सगळीकडे ‘एफएफ’ दिसतं. मग तिच्यात काहीही लिहावं, स्वतःचं नाव लिहावं, चिप काढून ठेवावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी. एक पान, म्हणजे बाइटांचा एक छोटा गट, लिहायला तिला पाच सहस्रांश सेकंद लागतात आणि उत्पादक दहा लाख वेळा लिहिण्याची हमी देतात, तेव्हा सराव करताना हात आखडता घेण्याचं कारण नाही. सोळाच्या पायावरची मोजणी, म्हणजे नऊनंतर ए, बी, सी करत एफपर्यंत, ही इथेच अंगवळणी पडते.

चिपांची घराणी ओळखणं ही पुढची पायरी. २४ने सुरू होणारी चिप दोन तारांवर बोलते. ही पद्धत फिलिप्सनं १९८२मध्ये आणली आणि ती आयटूसी म्हणून ओळखली जाते. पाचवा पाय डेटाचा, सहावा क्लॉकचा, चौथा ग्राउंड, आठवा पुरवठा, आणि सातवा लिहिण्यावरचं कुलूप. सगळं करूनही चिप लिहून घेत नसेल तर हा सातवा पाय आधी तपासावा. ९३ने सुरू होणाऱ्यांची मांडणी वेगळी. ९३सी४६ ही सोळा-सोळा बिटांचे चौसष्ट शब्द धरते किंवा आठ-आठ बिटांचे १२८, आणि कोणतं ते सहाव्या पायावर ठरतं. प्रोग्रॅमरमध्ये चुकीचं निवडलं तर आकडे जोडीजोडीनं उलटे दिसतात आणि माणूस तासन्‌तास चुकीच्या जागी कोड शोधत बसतो. शिवाय तो स्वस्त काळा प्रोग्रॅमर मूळ सॉफ्टवेअरवर ९३ची घराणी हाताळत नाही; त्यासाठी टीएल८६६सारखं थोडं महाग यंत्र लागतं. २५ने सुरू होणाऱ्या बऱ्याच चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, आणि काळ्या प्रोग्रॅमरच्या अनेक नगांत डेटाच्या तारांवर पाच व्होल्ट येतात हा त्याचा जगजाहीर दोष आहे. मीटर लावून मोजल्याशिवाय २५ची चिप त्यात घालू नये.

आता सेट. चिप बोर्डावर असतानाच चिमट्याची क्लिप लावून वाचायचा मोह होतो, कारण सोल्डरिंग टळतं. कधी जमतंही. पण क्लिपमधून दिलेली वीज चिपपुरती थांबत नाही, ती सगळ्या बोर्डभर पसरते, प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि त्याच दोन तारांवर तोही बोलायला लागतो. मग प्रत्येक वाचनात वेगळे आकडे येतात. अशा वेळी चिप उतरवणं हाच सरळ मार्ग. फ्लक्स लावायचा, शेजारच्या प्लास्टिकवर उष्णता सोसणारी पिवळी पट्टी चिकटवायची, साडेतीनशे अंशांच्या आसपास गरम हवा गोल फिरवत द्यायची आणि कथील पाणी झालं की चिमट्यानं अलगद उचलायची. जोर लावला की बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडून येते. हे हाताला येईपर्यंत भंगारातल्या मेलेल्या बोर्डांवर सराव करावा. चोरबाजारात आणि भंगारवाल्यांकडे असे बोर्ड मुबलक मिळतात.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिप हातात आली की लिहायचं नाही, वाचायचं. एकदा वाचून फाइल ठेवायची, चिप सॉकेटमधून काढून पुन्हा बसवायची, दुसऱ्यांदा वाचायची आणि दोन्ही फाइली ताडून पाहायच्या. सगळे एफएफ किंवा सगळी शून्यं आली तर चिप रिकामी आहे असं समजू नये; बहुतेक वेळा पाय नीट टेकलेला नसतो. दोन्ही वाचनं जुळली की त्या मूळ फाइलीला सेटचं मॉडेल, क्रमांक आणि तारीख घालून दोन ठिकाणी जपून ठेवायचं. बदल करायचा तो तिच्या नकलेत. मूळ वाचन हाताशी न ठेवता चिपवर लिहायला बसणं म्हणजे सात-बाऱ्याची एकुलती प्रत खोडरबर घेऊन दुरुस्त करणं. बाकावर बसलेला अनुभवी कारागीर शिकाऊ मुलाला आधी विचारतो, “डंप घेतला का?”, म्हणजे चिपचं मूळ वाचन जपून ठेवलं का. या एका प्रश्नाच्या शिस्तीवर हा धंदा उभा आहे. ज्यांनी ती पाळली त्यांचे चुकलेले सेटही परत येतात, कारण मूळ आकडे पुन्हा लिहिता येतात.

कोड कुठे असतो? याचं एक उत्तर नाही. काही जुन्या सेटमध्ये १२३४ हा कोड चक्क १२ आणि ३४ असा शेजारी-शेजारी लिहिलेला असतो. काहींत २१, ४३ असा उलटा. काहींत गणिती फिरवाफिरव करून लपवलेला. काही सेट तर तो या चिपमध्ये ठेवतच नाहीत, प्रोसेसरच्या पोटात ठेवतात. शिकण्याची सरळ रीत अशी की ज्याचा कोड आपल्याला माहीत आहे असा स्वतःचा सेट घ्यावा आणि त्याच्या वाचनात तो शोधावा. आणखी एक प्रयोग फार बोलका आहे. सेट वाचावा, मग त्यात मुद्दाम एकदा चुकीचा कोड टाकावा आणि परत वाचावा. दोन फाइलींत जो बाइट बदलला ती चुकांची मोजदाद. बॅटरी काढली तरी सेट त्या चुका का विसरत नाही, हे तेव्हा डोळ्यांसमोर येतं. असे दोन-चार प्रयोग केले की आकड्यांच्या त्या रानात वाटा दिसायला लागतात. माझ्या मते या कामातला खरा आनंद तोच आहे, आणि तो दुसऱ्याच्या तयार फाइलीनं मिळत नाही.

तयार फाइलीचं नुकसान नुसतं आनंदापुरतं नाही. दुसऱ्या सेटचं वाचन आपल्या सेटमध्ये ओतलं तर त्याचा कोड आपल्याला मिळतो, पण आपल्या ट्यूनरची कारखान्यात केलेली जुळणी जाते, सेटचा खरा क्रमांक जातो, आणि आवृत्ती थोडी जरी वेगळी असेल तर सेट उठतच नाही. अनेक सेट आपल्या आठवणीची बेरीज, म्हणजे चेकसम, तपासतात. एक बाइट बदलला आणि बेरीज बदलली नाही की सेट सगळंच नाकारतो.

आठवणीत कोडखेरीज आणखी एक गोष्ट असते जिचा मुंबईकराशी थेट संबंध येतो : देश. जपानी बाजारासाठी बनलेला जुना सेट एफएमवर ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढंच धरतो. मुंबईतली एफएम स्टेशनं सगळी ९०च्या वर. ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, यांतलं एकही त्याच्या पट्ट्यात येत नाही. मिडियम वेव्हवर आपण नऊच्या पाढ्यानं चालतो. आकाशवाणी मुंबईचे ५५८ आणि १०४४ हे दोन्ही आकडे नवानं भागले जातात. अमेरिकी सेट दहा-दहानं उडी मारतो, तो ५५० वरून ५६० वर जातो आणि ५५८ मधल्या मध्ये राहतं. काही सेटमध्ये हा प्रदेश बटणांच्या जुळणीनं बदलता येतो, काहींत आठवणीतल्या एका बाइटनं, आणि काहींत ट्यूनरच त्या पट्ट्यासाठी घडवलेला असतो, तिथे चिप बदलून काही होत नाही. परदेशातून आलेला सेट घेताना हे आधी विचारावं.

चिपला हात लावण्याआधी दोन दारं ठोठावावीत. पहिलं दार सेटचं स्वतःचं : फोर्डच्या ६०००सीडी या सेटवर १ आणि ६ ही बटणं एकत्र धरली की ‘व्ही’ने सुरू होणारा क्रमांक दिसतो, होंडाच्याही अनेक सेटांत याच दोन बटणांवर क्रमांक येतो. दुसरं दार कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याचं : तो क्रमांक, आरसी आणि ओळखपत्र दाखवलं की कोड मिळण्याची सोय बहुतेक कंपन्या ठेवतात. हे झालं तर झाकण उघडायचं कामच पडत नाही.

आणि आरसीचा प्रश्न इथे कळीचा आहे. जे हत्यार मालकाला त्याचा सेट परत देतं तेच चोराला चोरीचा माल विकायला मदत करतं. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४११खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली आहे. शिवाय ज्या आठ पायांच्या चिपमध्ये स्टिरिओचा कोड असतो, तशाच चिपमध्ये पुष्कळ गाड्यांच्या मीटरचे किलोमीटरही असतात. लाखभर धावलेली गाडी चाळीस हजारांची करून विकणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे आणि ते विकत घेणाऱ्याला सरळ लुबाडणं आहे. ब्रेक, टायमिंग बेल्ट, सगळ्यांची बदलण्याची वेळ त्या आकड्यावर ठरते. तो खोटा केला की कुणाच्या तरी जिवाशी खेळ होतो. हे काम शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी ही सीमा आखून द्यावी. सेट गाडीसकट आणा, कागद दाखवा, मगच झाकण उघडतो, असं म्हणणाऱ्या कारागिराकडे वेळ थोडा जास्त गेला तरी जावं.

दादरला पुस्तकांच्या दुकानात तांत्रिक विषयांच्या फळीवर वायरिंगची, मोटर रिवाइंडिंगची मराठी पुस्तकं दिसतात. कित्येक घरं त्या पातळ पुस्तकांवर चालली आहेत. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर लालबाग-परळच्या वस्तीला हाताचं दुसरं काम शोधावं लागलं. तेव्हा हातात हत्यार धरता येणं हे किती मोठं भांडवल असतं ते या भागानं अनुभवलं आहे. मेमरी चिप वाचणं हे आजचं तसं हत्यार आहे. ते स्टिरिओपुरतं नाही. वॉशिंग मशिनचा बोर्ड, टीव्ही, संगणकाचा बायोस, सगळीकडे हीच घराणी, हेच आठ पाय. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधला अभियंता आणि आयटीआयमधला मुलगा या दोघांनाही ते सारखंच उपयोगी पडेल. आयटीआयच्या दोन्ही ट्रेडमध्ये याचा एक पंधरवड्याचा पाठ घालायला फार खर्च येणार नाही, एका मुलामागे एक प्रोग्रॅमर आणि मूठभर चिपा.

नव्या गाड्यांत मात्र वाट अरुंद होत चालली आहे. मोठ्या पडद्याच्या सेटमध्ये आठवण गिगाबाइटांत असते आणि सेट गाडीच्या इतर संगणकांशी कूटलिपीत ओळख पटवतो. ओळख कंपनीच्या सर्व्हरवरून पटवून घ्यावी लागते. कितीही कुशल कारागिरानं चिप वाचली तरी आतला मजकूर त्याला उलगडत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. वाहनांच्या खात्यात स्टिरिओचा कोड ही अगदी क्षुल्लक बाब वाटेल. पण ती सोडवायला ना नवं तंत्रज्ञान लागतं ना पैसा. गाडी विकताना ताडदेवला किंवा कुठल्याही आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. त्यांच्याबरोबर विक्रेत्यानं सेटचा कोड लेखी द्यावा असा नियम करता येईल. फोर्डनं सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तरी त्यांच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. अशा कंपन्यांनी सेटच्या क्रमांकावरून कोड देण्याची सोय गाड्या धावत आहेत तोवर चालू ठेवावी, अशी अट घालता येईल. तोवर आपली गाडी घरी उभी असेल तर आज खाली जाऊन डॅशबोर्डच्या खणातली पुस्तिका काढा, कोडचं कार्ड आहे का पाहा, आणि त्याचा फोटो गाडीच्या विम्याच्या कागदांबरोबर ठेवून द्या.